रेकॉर्ड अपडेट करताना फॉर्म सबमिट होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन रेकॉर्ड बिनबोभाट सेव्ह होतं. तेच रेकॉर्ड उघडून, एक अक्षर बदलून 'अपडेट' दाबलं की गाडी अडते. वेब फ्रेमवर्क शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा टप्पा लागतो, आणि अनुभवी माणसालाही तो अधूनमधून पुन्हा भेटतो. खाली लाराव्हेल (पीएचपी), जँगो (पायथन) आणि रेल्स (रूबी) या फ्रेमवर्कची उदाहरणं जास्त आहेत, कारण प्रश्न तिथलेच जास्त येतात. कारणं मात्र सगळीकडे तीच असतात.

## नवीन रेकॉर्ड नीट तयार होतं, मग अपडेटलाच काय होतं?

नवीन रेकॉर्ड तयार करताना सर्व्हरला फक्त माहिती लागते. अपडेट करताना त्याला आणखी तीन गोष्टी कळाव्या लागतात: कोणतं रेकॉर्ड, ते बदलायचा हक्क तुम्हाला आहे का, आणि जुन्यातलं काय ठेवायचं नि काय पुसायचं. या तिन्हींपैकी एकही गोष्ट ब्राउझर आपणहून सांगत नाही. आयडी पत्त्यात घालावा लागतो, मेथड (रिक्वेस्ट कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारा शब्द) वेगळी कळवावी लागते, जुन्या किमती, म्हणजे फील्डमधली आधीची माहिती, फॉर्ममध्ये भरून द्याव्या लागतात. यातलं काहीही निसटलं की अपडेट फसतं. क्रिएटमध्ये यातलं काहीच लागत नाही, म्हणून तो चालतो.

रिक्वेस्टचा, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या मागणीचा, प्रवास डोळ्यासमोर ठेवा: ब्राउझर, राउट (कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जातो ते ठरवणारी नोंद), टोकनची (फॉर्मसोबतच्या गुप्त खुणेची) तपासणी, परवानगी, व्हॅलिडेशन (माहिती नियमात बसते का ते बघणं), डेटाबेस, आणि परत येणारं उत्तर. एरर दिसली की पहिला प्रश्न 'कोड कुठे चुकला' हा नको. रिक्वेस्ट यातल्या कोणत्या टप्प्यापर्यंत पोचली, हा हवा. राउटवरच अडलेली रिक्वेस्ट कंट्रोलर (रिक्वेस्ट हाताळणारा तुमचा कोड) कितीही वेळा बदलला तरी पुढे सरकणार नाही.

## एरर आली की सर्वांत आधी काय उघडायचं?

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब. तिथे 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा, नाहीतर पान रीडायरेक्ट झालं की आधीची नोंद पुसली जाते आणि नेमकी हवी ती रिक्वेस्टच दिसत नाही. मग फॉर्म सबमिट करून पहिल्या ओळीवर क्लिक करा.

तिथे चार गोष्टी वाचा. रिक्वेस्ट कोणत्या पत्त्यावर गेली. मेथड कोणती होती. स्टेटस कोड काय आला. आणि पेलोडमध्ये, म्हणजे सोबत गेलेल्या डेटात, प्रत्यक्षात कोणती फील्ड्स गेली. ही चौथी गोष्ट बहुतेकजण बघत नाहीत, आणि निम्मी उत्तरं तिथेच असतात. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) फील्ड लिहिलंय म्हणजे ते गेलंच, असं आपण धरून चालतो. पेलोड उघडला की कळतं, ते गेलेलंच नाही.

कंट्रोलरच्या पहिल्या ओळीत आलेला सगळा डेटा छापून बघणं हीही जुनी आणि खात्रीची रीत आहे. छापलं गेलं तर रिक्वेस्ट तिथवर पोचली. नाही छापलं गेलं तर ती वाटेतच अडली.

## ४०५, म्हणजे 'मेथड नॉट अलाउड' का येतं?

पत्ता सापडला, पण त्या पत्त्यावर ही मेथड चालत नाही, असा त्याचा अर्थ.

मूळ कारण एचटीएमएलमध्ये आहे. एचटीएमएलचा फॉर्म सर्व्हरकडे गेट आणि पोस्ट या दोनच मेथडनी माहिती पाठवू शकतो. पुट, पॅच, डिलीट त्याला येत नाहीत. फॉर्मच्या मेथडमध्ये तुम्ही 'पुट' लिहिलंत तर ब्राउझर तक्रार करत नाही, तो निमूटपणे गेट पाठवतो. याची खूण ओळखायला सोपी आहे: सबमिट केल्यावर ॲड्रेस बारमध्ये प्रश्नचिन्ह येतं आणि त्यापुढे तुमची सगळी फील्ड्स ओळीने लटकलेली दिसतात. असं दिसलं की बाकी काही शोधू नका, मेथडच बघा.

लाराव्हेल आणि रेल्सनी यावर एकच तोडगा काढला आहे. फॉर्म पोस्टनेच पाठवायचा, आणि आत 'मेथड' या नावाचं, आधी अंडरस्कोर असलेलं एक हिडन फील्ड ठेवून त्यात खरी मेथड लिहायची. फ्रेमवर्क ते वाचून रिक्वेस्ट पुट किंवा पॅच मानतं. लाराव्हेलच्या ब्लेड या टेम्प्लेट भाषेत यासाठी 'ॲट-मेथड' डिरेक्टिव्ह आहे. रेल्समध्ये 'फॉर्म-विथ'ला मॉडेल (रेकॉर्डचं कोडमधलं रूप) दिलं की रेकॉर्ड आधीच सेव्ह झालेलं आहे का हे बघून ते स्वतः ठरवतं. जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये हे काम करणारा फिल्टर २.२ आवृत्तीपासून मुळात बंद असतो, तो सेटिंगमधून चालू करावा लागतो. जुन्या उदाहरणावरून शिकणारे इथे हटकून अडकतात.

जँगोचा मार्ग वेगळा आहे. तिथे साध्या फॉर्मला अपडेटसाठीही पोस्टच वापरतात. व्ह्यूमध्ये (जँगोत कंट्रोलरचं काम करणाऱ्या कोडमध्ये) 'मेथड पुट असेल तर' अशी अट घातलीत तर फॉर्मवरून आलेली रिक्वेस्ट त्या अटीत कधीच शिरणार नाही.

## पुट वापरू की पॅच?

पुट म्हणजे संपूर्ण रेकॉर्ड नव्याने ठेवा, पॅच म्हणजे दिलेला भागच बदला. पॅचची व्याख्या २०१० साली प्रमाणित झाली आणि २०१३ च्या रेल्स ४ पासून रेल्समध्ये अपडेटसाठी तीच मुख्य मेथड आहे. लाराव्हेल आणि रेल्सच्या रिसोर्स राउटमध्ये दोन्ही कंट्रोलरमधल्या एकाच फंक्शनकडे जातात, त्यामुळे फॉर्मपुरता फरक पडत नाही. यावर फार वेळ घालवू नका.

## ४१९, ४०३, किंवा 'टोकन चुकीचं आहे' अशी एरर येते. माझा डेटा तर बरोबर आहे!

डेटा कोणी बघितलेलाच नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने परत पाठवलंय. दुसऱ्या एखाद्या साइटने तुमच्या नकळत तुमच्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून प्रत्येक फॉर्मबरोबर एक गुप्त टोकन जातं, ते जुळलं नाही. प्रत्येक फ्रेमवर्क हे वेगळ्या आकड्यात सांगतं: लाराव्हेल ४१९, जँगो आणि स्प्रिंग सिक्युरिटी ४०३, रेल्स ४२२, मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट कोअर ४००. म्हणून फक्त आकड्यावरून शोधलं तर भलतीच उत्तरं सापडतात.

फॉर्ममध्ये टोकन घालायलाच विसरणं हे सगळ्यात साधं कारण. ते पान सोर्समध्ये उघडून लगेच तपासता येतं. टोकन आहे आणि तरी जुळत नाही, तेव्हा सेशन (सर्व्हरने ठेवलेली तुमच्या भेटीची नोंद) किंवा कुकीकडे (ती नोंद ओळखायला ब्राउझर पाठवतो त्या खुणेकडे) वळा.

पान खूप वेळ उघडं राहिलं असेल तर सेशन संपलेलं असतं. लाराव्हेलमध्ये ही मुदत मुळात १२० मिनिटांची असते. लांबलचक फॉर्म शांतपणे भरणाऱ्याला ती अपुरी पडू शकते, आणि त्याचं लिहिलेलं सगळं जातं. असा फॉर्म असेल तर मुदत वाढवा किंवा मसुदा मधेमधे सेव्ह करा, ही माझी आग्रहाची विनंती.

स्वतःच्या मशीनवर काम करताना पान 'लोकलहोस्ट' या नावाने उघडलं आणि फॉर्म १२७.०.०.१ कडे गेला, तर कुकी सोबत जात नाही, कारण ब्राउझरच्या लेखी ही दोन वेगळी होस्ट आहेत. सेशनची कुकी 'सिक्युअर' ठेवली आणि साइट साध्या एचटीटीपीवर उघडली तरी तेच होतं. आणि अख्खं पान कॅशमध्ये (सगळ्यांना द्यायच्या साठवलेल्या प्रतीत) ठेवलं असेल तर एकाचं टोकन दुसऱ्याच्या हाती जातं, मग काहींना चालतं नि काहींना नाही.

## ही टोकनची तपासणी त्या राउटपुरती बंद केली तर?

नको. एरर जाईल आणि तुमच्या लॉग-इन केलेल्या माणसाच्या नावाने बाहेरच्या कोणालाही रेकॉर्ड बदलायची वाट मोकळी होईल. बाहेरच्या सेवेकडून येणाऱ्या, स्वतःची सही तपासता येईल अशा रिक्वेस्टसाठी सूट देणं ठीक आहे. माणसाने भरायच्या फॉर्मसाठी नाही.

## अपडेट दाबलं की ४०४ येतं. एडिटचं पान तर उघडतं!

एडिटचं पान उघडणारा राउट आणि अपडेट स्वीकारणारा राउट हे दोन वेगळे आहेत. फॉर्मच्या 'ॲक्शन' ॲट्रिब्यूटमध्ये आयडी गेलाय का ते पेलोडच्या शेजारी दिसणाऱ्या पत्त्यात बघा. बरेचदा तिथे आयडीच्या जागी काहीच नसतं, कारण टेम्प्लेटला रेकॉर्ड वेगळ्या नावाने दिलेलं असतं. कधी कंट्रोलरमधली शोध घेणारी क्वेरीच 'फक्त या युजरची रेकॉर्ड्स' अशी गाळणी लावते आणि रेकॉर्ड असूनही सापडत नाही. ते योग्यच आहे, तो दोष समजून काढून टाकू नका.

## बटण दाबलं तरी काहीच घडत नाही. नेटवर्क टॅबमध्येही ओळ येत नाही.

म्हणजे ब्राउझरनेच अडवलंय. एक नमुना बघा. मोठा फॉर्म टॅबमध्ये विभागलेला असतो. दुसऱ्या, बंद असलेल्या टॅबमध्ये एक 'रिक्वायर्ड' फील्ड रिकामं असतं. ब्राउझरला त्या फील्डकडे बोट दाखवून 'हे भरा' म्हणायचं असतं, पण लपलेल्या फील्डवर त्याला जाता येत नाही. म्हणून तो सबमिटही करत नाही आणि पडद्यावर काही दाखवतही नाही. क्रोममध्ये कन्सोल उघडलात तर 'नॉट फोकसेबल' असा शब्द असलेली एक ओळ दिसते. तेच उत्तर.

बटणाचा प्रकार 'सबमिट'ऐवजी 'बटण' असणं, किंवा बटण फॉर्मच्या टॅगबाहेर पडलेलं असणं, हीही कारणं असतात. फॉर्मबाहेर ते कसं पडतं, ते खाली रेकॉर्ड डिलीट होण्याच्या प्रश्नात सांगितलंय.

## पान पुन्हा तसंच उघडतं. ना एरर, ना बदल.

अपडेटच्या तक्रारींतला हा सगळ्यात छळणारा प्रकार. आरडाओरडा करणारी एरर परवडते, गप्प बसणारी नाही.

जवळपास दरवेळी व्हॅलिडेशन फसलेलं असतं आणि तुम्ही एरर दाखवायची सोय केलेली नसते. लाराव्हेल व्हॅलिडेशन फसलं की एरर सेशनमध्ये ठेवून मागच्या पानावर परत पाठवतं. त्या पानावर एरर छापायची ओळच नसेल, तर बघणाऱ्याला वाटतं पान नुसतं रिफ्रेश झालं. जँगोमध्ये 'इज-व्हॅलिड' खोटं ठरलं की कोड खाली घसरतो आणि फॉर्म पुन्हा दिसतो. फील्ड्स हाताने मांडली असतील तर त्यांच्या एररही हातानेच मांडाव्या लागतात. म्हणून फॉर्मच्या वरच्या बाजूला सगळ्या एररची यादी छापणारा तुकडा प्रत्येक एडिट पानावर ठेवा, अगदी ठेवाच. त्यात जी एरर दिसते ती अनेकदा फॉर्ममध्ये नसलेल्याच फील्डची असते. मॉडेलला ते सक्तीचं आहे, तुम्ही ते पानावर दाखवलेलंच नाही.

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये याचा खास अवतार आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये नलेबल प्रकार (कोणती प्रॉपर्टी नल, म्हणजे रिकामी, चालेल हे सांगायची सोय) चालू असतात, आणि नल न चालणारी प्रत्येक प्रॉपर्टी आपोआप सक्तीची धरली जाते. मग जोडलेल्या दुसऱ्या टेबलची प्रॉपर्टी फॉर्मवरून आली नाही म्हणून 'मॉडेलस्टेट', म्हणजे व्हॅलिडेशनचा निकाल, अवैध ठरतं. फॉर्मसाठी वेगळं छोटं मॉडेल करणं हा त्यावरचा चांगला उपाय. स्प्रिंगमध्ये एरर गोळा करणारा 'बाइंडिंग-रिझल्ट' हा पॅरामीटर मॉडेलच्या पॅरामीटरला लागूनच यायला हवा. मधे दुसरं काही आलं तर व्हॅलिडेशन फसताच तुमच्या कंट्रोलरच्या कोडपर्यंत न पोचता थेट ४०० येतं.

रेल्स ७ पासून आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथे फॉर्म टर्बो या जावास्क्रिप्ट लायब्ररीमार्फत जातो. एरर असलेला फॉर्म परत दाखवताना उत्तराचं स्टेटस ४२२ द्यावं लागतं. साधं २०० दिलं तर टर्बो ते पान पडद्यावर आणतच नाही. जुना कोड नव्या आवृत्तीवर नेला की सगळे एडिट फॉर्म एकदम मुके होतात ते याच कारणाने.

## 'यशस्वीरीत्या अपडेट झालं' असं येतं, पण डेटाबेसमध्ये जुनंच आहे.

तो मेसेज तुम्ही लिहिलाय, डेटाबेसने नाही. अपडेटचं उत्तर खरं आलं की खोटं, हे न बघता मेसेज दाखवला की असं होतं. रेल्समध्ये 'अपडेट' फसलं तर नुसतं खोटं परत करतं, आणि उद्गारचिन्हवालं 'अपडेट' एक्सेप्शन टाकतं. उत्तर तपासा, किंवा दुसरं वापरा.

दुसरं कारण परवानगीच्या यादीचं. लाराव्हेलमध्ये 'फिलेबल' यादीत नसलेलं फील्ड मुकाट्याने गाळलं जातं. रेल्समध्ये 'परमिट' न केलेलं फील्ड गाळलं जातं आणि डेव्हलपमेंट लॉगमध्ये 'अनपरमिटेड पॅरामीटर' अशी ओळ उमटते. नवीन कॉलम जोडला, मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवलं, फॉर्ममध्ये फील्ड घातलं, आणि या यादीत घालायचं राहिलं: ही चूक मी आजही करतो, फक्त आता शोधायला दोन मिनिटं लागतात. वैतागून सगळीच फील्ड्स मोकळी सोडू नका. ती यादी नसेल तर कोणीही फॉर्ममध्ये स्वतःहून 'ॲडमिन' असं फील्ड घालून पाठवू शकतो.

तिसरं कारण लाराव्हेलचं खास आहे आणि ते माहीत नसेल तर अख्खा दिवस जातो. राउटमधल्या पॅरामीटरचं नाव आणि कंट्रोलरमधल्या व्हेरिएबलचं नाव जुळलं नाही, तर लाराव्हेल रेकॉर्ड शोधत नाही, एक कोरं मॉडेल हातात देतं. एररही येत नाही. त्या कोऱ्या मॉडेलवर 'अपडेट' चालवलं की ते डेटाबेसमध्ये अस्तित्वातच नसल्याने खोटं परत येतं, आणि खाली तुमचा यशाचा मेसेज दिमाखात झळकतो. कंट्रोलरमध्ये मॉडेलचा आयडी छापून बघा. रिकामा आला तर हेच झालंय.

## अपडेट केल्यावर जुनं रेकॉर्ड तसंच राहतं आणि एक नवीन तयार होतं.

फ्रेमवर्कला जुनं रेकॉर्ड कोणतं ते कळलं नाही, म्हणून त्याने नवीन केलं. जँगोमध्ये मॉडेल-फॉर्मला 'इन्स्टन्स', म्हणजे बदलायचं जुनं रेकॉर्ड, द्यायचा असतो. गंमत अशी की तो दोनदा द्यावा लागतो: पान दाखवताना आणि पोस्ट आल्यावरही. दाखवताना दिला म्हणून फॉर्म नीट भरलेला दिसतो, आणि पोस्टच्या फांदीत विसरला म्हणून नवीन रेकॉर्ड पडतं. रेकॉर्ड थेट बांधून सेव्ह करणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये फॉर्मवरून आयडी आला नाही तर हेच होतं.

## स्वतःचाच ईमेल न बदलता सेव्ह केला तर 'हा ईमेल आधीच वापरात आहे' असं म्हणतं.

बरोबरच आहे, तो तुमच्याच रेकॉर्डमध्ये सापडतोय. लाराव्हेलमध्ये युनिक नियमाला 'इग्नोर' जोडून चालू रेकॉर्डचा आयडी वगळायला सांगा. हा आयडी डेटाबेसमधून आणलेल्या मॉडेलचाच द्या, फॉर्मवरून आलेला कधीही देऊ नका, त्यातून एसक्यूएल इंजेक्शनला (डेटाबेसच्या क्वेरीत बाहेरून कोड घुसवायला) वाट मिळते. जँगोच्या मॉडेल-फॉर्मला इन्स्टन्स दिला असेल आणि रेल्समध्ये रेकॉर्ड शोधून अपडेट करत असाल, तर ही वजाबाकी आपोआप होते.

डेटाबेसमध्येही युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा साठवू न देणारा नियम) ठेवा. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर दोघींचंही व्हॅलिडेशन पास होऊ शकतं. मग मायएसक्यूएल १०६२ किंवा पोस्टग्रेस २३५०५ क्रमांकाची एरर देतं. ती पकडून माणसाला समजेल असा मेसेज दाखवा.

## काही फील्ड्स अपडेटनंतर रिकामी होतात किंवा बदलतच नाहीत.

इथे ब्राउझर काय पाठवतो आणि काय नाही, हे पाठ असावं लागतं. खूण काढलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. 'नाही' असंही सांगत नाही, त्याचं नावच पेलोडमध्ये नसतं. सर्व्हर म्हणतो, याबद्दल काही आलं नाही, म्हणजे जुनं राहू दे. म्हणून एकदा चालू केलेली सेटिंग बंदच होत नाही. चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं, शून्य किंमत असलेलं हिडन फील्ड ठेवा. खूण असेल तर नंतरची किंमत धरली जाते, नसेल तर शून्य जातं. रेल्सचा चेकबॉक्स हेल्पर हे आपणहून करतो.

'डिसेबल्ड' केलेलं फील्डही जात नाही, 'रीडओन्ली' मात्र जातं. आणि फील्डला 'नेम' नसेल तर ते जात नाही. नुसता आयडी देऊन भागत नाही.

तारखेचं दुखणं वेगळं. तारखेच्या इनपुटला किंमत वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लागते. तुम्ही दिवस-महिना-वर्ष दिलंत तर ब्राउझर फील्ड कोरं दाखवतो. माणूस बाकीचं बदलून सेव्ह करतो, आणि नीट असलेली तारीख कोऱ्या किमतीने पुसली जाते. जँगोमध्ये विजेटचा प्रकार तारखेचा केला की त्याचा फॉरमॅटही त्याच क्रमाचा द्या, नाहीतर भाषेच्या सेटिंगप्रमाणे तारीख छापली जाऊन हेच होतं.

पासवर्डचं फील्ड एडिट पानावर कोरंच असणार. त्यावर 'रिक्वायर्ड' नियम ठेवला तर नाव बदलायलाही पासवर्ड टाकावा लागतो. नियम काढला पण कोरी किंमत तशीच साठवली, तर माणूस पुन्हा लॉग-इनच करू शकत नाही. कोरं आलं तर ते फील्ड अपडेटमधून वगळा. त्याहून चांगलं, पासवर्डसाठी वेगळा फॉर्म करा. ब्राउझर साठवलेला पासवर्ड आपोआप भरतो आणि नको असताना बदल होतो, तेही त्याने टळतं.

लाराव्हेल कोऱ्या किमतीचं नल करतं, हेही ध्यानात असू द्या. कॉलमला नल चालत नसेल तर मायएसक्यूएल १०४८ ची एरर देतं. 'नलेबल' नियम आणि कॉलमची व्याख्या एकमेकांशी जुळवून घ्या.

## 'अपडेट' दाबलं आणि रेकॉर्ड डिलीट झालं. हे शक्य आहे?

आहे, आणि मी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. एडिट पानावर खाली 'अपडेट' बटण होतं, त्याच्या शेजारी 'डिलीट'. डिलीटसाठी मी वेगळा छोटा फॉर्म लिहिला होता, पण दोन्ही बटणं एका ओळीत दिसावीत म्हणून तो मोठ्या फॉर्मच्या आत ठेवला होता.

एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही. ब्राउझर आतला उघडणारा टॅग दुर्लक्षित करतो, पण आतली फील्ड्स ठेवतो. ती सगळी बाहेरच्या फॉर्मची होतात. आतल्या फॉर्ममधलं 'मेथड: डिलीट' असलेलं हिडन फील्डही मोठ्या फॉर्ममध्ये जाऊन बसतं. आता पेलोडमध्ये त्या नावाच्या दोन किमती असतात, आधी पुट, नंतर डिलीट. पीएचपीमध्ये एकाच नावाच्या दोन किमती आल्या तर शेवटची टिकते. पत्ता तोच, आयडी तोच, मेथड डिलीट. रेकॉर्ड गेलं. त्या दिवशी बॅकअप होता म्हणून निभावलं.

हाच आतला फॉर्म अपडेट बटणाच्या आधी आला तर उलटं होतं. आतला बंद होणारा टॅग बाहेरचा फॉर्म बंद करतो, आणि पुढचं अपडेट बटण फॉर्मबाहेर पडतं. दाबलं तरी काहीच होत नाही.

उपाय सोपा आहे. डिलीटचा फॉर्म मोठ्या फॉर्मच्या पूर्ण बाहेर लिहा, त्याला आयडी द्या, आणि बटणावर 'फॉर्म' हे ॲट्रिब्यूट लावून तो आयडी सांगा. बटण पानावर कुठेही ठेवता येतं आणि ते आपल्याच फॉर्मला सबमिट करतं.

## फोटो किंवा फाइल बदलत नाही, बाकी सगळं अपडेट होतं.

फॉर्मच्या टॅगवर 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' हा एनकोडिंगचा प्रकार आहे का ते बघा. नसेल तर फाइलचं नुसतं नाव जातं, फाइल जात नाही. जँगोमध्ये फॉर्मला पोस्टच्या डेटाबरोबर 'रिक्वेस्ट-फाइल्स'ही द्यावं लागतं.

पीएचपी मल्टिपार्ट डेटा आपोआप वाचतं ते फक्त खऱ्या पोस्ट रिक्वेस्टमध्येच. जावास्क्रिप्टवरून खरी पुट पाठवली तर सगळी फील्ड्स रिकामी पोचतात. पोस्ट पाठवून आत हिडन मेथड ठेवणं हाच सरळ मार्ग. पीएचपी ८.४ मध्ये अशा रिक्वेस्ट वाचायला वेगळं फंक्शन आलंय, पण फॉर्मसाठी त्याची गरज पडत नाही.

आकाराच्या मर्यादाही असतात. पीएचपीमध्ये एका फाइलला मुळात २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला ८ एमबी. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये तर १ एमबीच, त्यापुढे ४१३ येतं आणि तुमच्या फ्रेमवर्कच्या लॉगमध्ये एक अक्षरही उमटत नाही.

## शंभर ओळींचा मोठा फॉर्म आहे. शेवटच्या काही ओळी सेव्हच होत नाहीत.

फील्ड्स मोजा. पीएचपी मुळात १००० फील्ड्सच स्वीकारतं, उरलेली सोडून देतं. जँगोचीही मर्यादा १००० चीच आहे, पण तो ४०० देऊन स्पष्ट नकार देतो. मर्यादा वाढवता येते. पण बदललेल्या ओळीच तेवढ्या पाठवणं जास्त बरं.

## जावास्क्रिप्टच्या फेचने अपडेट करतोय, पान रीलोड न करता. काय सांभाळायचं?

टोकन हेडरमधून पाठवा. हेडरचं नाव प्रत्येक फ्रेमवर्कचं वेगळं असतं. 'फॉर्मडेटा' पाठवत असाल तर कंटेंट-टाइप हाताने लिहू नका. त्यात फील्ड्स वेगळी करणारी सीमाखूण असते, ती ब्राउझरच लिहितो. तुम्ही लिहिलंत तर ती जाते आणि सर्व्हरला डेटा फोडता येत नाही.

एक अवघड जागा मुद्दाम सांगतो. तुम्ही खरी पुट पाठवली, सर्व्हरने अपडेट करून ३०२ ने यादीच्या पानाकडे रीडायरेक्ट केलं. ३०१ आणि ३०२ वर ब्राउझर फक्त पोस्टचं गेट करतो, पुट तशीच राहते. मग यादीच्या पानावर पुट जाते आणि ४०५ येतं. रेकॉर्ड तर अपडेट झालेलं असतं! सर्व्हरकडून ३०३ पाठवा, त्याचा अर्थच 'आता गेटने जा' असा आहे. किंवा रीडायरेक्ट न करता जेसनमध्ये उत्तर द्या.

## माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर चालत नाही.

नेटवर्क टॅबमध्ये पहिलीच ओळ ३०१ आहे का? फॉर्म एचटीटीपीवर गेला, सर्व्हरने एचटीटीपीएसकडे वळवला, आणि वाटेत पोस्टची गेट झाली, डेटा गळाला. पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ राहिली तरी असंच वळण लागतं. जँगो डीबग चालू असताना याबद्दल मोठ्याने सांगतो, बंद असताना मुकाट वळवतो, म्हणून हा दोष सर्व्हरवरच भेटतो. प्रॉक्सीमागे (रिक्वेस्ट पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) ॲप असेल तर मूळ रिक्वेस्ट सुरक्षित होती हे फ्रेमवर्कला कळवावं लागतं. जँगो ४.० पासून विश्वासू ओरिजिनच्या (ज्या साइटवरून आलेले फॉर्म चालतात त्यांच्या) यादीत पत्ता एचटीटीपीएससकट लिहावा लागतो. आणि लाराव्हेलमध्ये राउट किंवा कॉन्फिगची कॅश जुनी राहिली असेल तर आधी ती साफ करा.

## दोघांनी एकच रेकॉर्ड एकाच वेळी उघडलं. एकाचा बदल गायब झाला.

दोघांच्याही फॉर्ममध्ये जुन्या किमती भरलेल्या होत्या. नंतर सेव्ह करणाऱ्याने पहिल्याचा बदल न बघताच पुसला. यात कोणालाच एरर येत नाही, म्हणून हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

रेल्समध्ये टेबलला 'लॉक-व्हर्जन' नावाचा कॉलम जोडा आणि तो फॉर्ममध्ये हिडन पाठवा. मधल्या काळात रेकॉर्ड बदललं असेल तर 'स्टेल ऑब्जेक्ट' एरर येते. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कमध्ये 'रो-व्हर्जन' हेच काम करतं. दुसरीकडे शेवटच्या बदलाची वेळ हिडन फील्डमध्ये ठेवून, अपडेटच्या अटीत ती जुळवता येते. शून्य ओळी बदलल्या तर समजा कोणीतरी आधी हात लावलाय. तेव्हा माणसाने भरलेलं टाकून देऊ नका. ते फॉर्ममध्ये तसंच ठेवून शेजारी नवी किंमत दाखवा.

## सगळ्या टेस्ट पास होतात, तरी ब्राउझरमध्ये अपडेट फसतं. असं कसं?

टेस्ट ब्राउझरच्या वाटेने जातच नाही. लाराव्हेल टेस्ट चालवताना टोकनची तपासणी सोडून देतं, जँगोचा टेस्ट क्लायंट मुळात ती बंद ठेवतो, रेल्सच्या टेस्ट वातावरणातही ती बंद असते. शिवाय टेस्टमध्ये तुम्ही खरी पुट थेट पाठवता, फॉर्मचं टेम्प्लेट वापरलंच जात नाही. म्हणून टोकन विसरलं, मेथड विसरली, फील्डचं नाव चुकलं, यातलं काहीच पकडलं जात नाही. जँगोमध्ये क्लायंट तयार करताना तपासणी चालू ठेवायचा पर्याय आहे, एखाद्या टेस्टसाठी तो वापरा. आणि प्रत्येक महत्त्वाच्या एडिट फॉर्मसाठी खरा ब्राउझर चालवणारी एक टेस्ट लिहा: पान उघडायचं, काहीही न बदलता 'अपडेट' दाबायचं, आणि डेटाबेसमधलं रेकॉर्ड आधीसारखंच आहे का ते प्रत्येक कॉलम घेऊन जुळवायचं. कोरी झालेली तारीख, हरवलेला चेकबॉक्स, नल झालेलं फील्ड, नकळत पडलेलं नवीन रेकॉर्ड, हे सगळे या एका टेस्टमध्ये सापडतात.